तुरीच्या पानावरची जखम

नांदेड आणि लातूरच्या काळ्या रानात तूर, हरभरा आणि कापूस ही जुनी पिके. तिन्ही पिकांवर एकच अळी जगते, पण शिवारात तिला तीन नावे आहेत. हरभऱ्यात ती घाटेअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी आणि कापसात हिरवी बोंडअळी. शास्त्रातले तिचे नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ती पान कुरतडते तेव्हा झाड जागचे हलत नाही, पण आतून ते स्वस्थ बसलेले नसते. जखम होताच इशारे सुटतात, ते न दुखावलेल्या पानांपर्यंत पोहोचतात, पेशीकेंद्रात एरवी निजलेली जनुके जागी होतात आणि अळीला पचायला जड जातील अशी प्रथिने तयार होऊ लागतात. ही हकीकत उलगडायला जवळपास एक शतक लागले. त्या शतकातले काही महत्त्वाचे काम मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत, मराठवाड्याच्याच तुरीवर झाले. या भागाच्या शेतीच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच होते.

झाडाला जाणूनबुजून जखम करून त्याच्याकडून काही मिळवण्याची रीत इथे प्रयोगशाळेच्या फार आधीची आहे. हरभरा महिनाभराचा झाला की त्याचे शेंडे खुडतात. खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, उरलेला पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जातो, आणि शेंडा गेलेले रोप बाजूने फुटून पसरते. फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. करडईचेही शेंडे असेच खुडले जातात. पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरून दवात उतरलेली आंब पिळून घेण्याची चाल होती. पोटदुखीवर ती देत. पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणाऱ्या मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांमुळे ती आंबट लागते, आणि त्यातले ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ रोखते हे पुढे प्रयोगांनी दाखवले. म्हणजे घरातले औषध हे मुळात झाडाचे अळीविरुद्धचे साधन होते.

किनवट-माहूरच्या जंगलात धावडा, सालई आणि बाभळीच्या सालीवर घाव घालून डिंक गोळा करण्याचा धंदा तर पूर्णपणे जखमेवरच उभा आहे. निरोगी सालीतून डिंक सहसा वाहत नाही. घाव बसला, कीड लागली किंवा झाड ताणात आले की जखमेभोवतीच्या पेशी बदलतात आणि डिंक स्रवू लागतात. या बदलामागे इथिलीन हे वायुरूप संप्रेरक असते. विसाव्या शतकात भारतीय संशोधकांनी इथिलीन सोडणारे इथेफॉन घावात भरून डिंकाचे उत्पन्न वाढवण्याचे प्रयोग केले. डिंक काढणाऱ्याला इथिलीन ठाऊक नव्हते, पण कोणत्या हंगामात, किती खोल आणि किती दिवसांनी पुन्हा घाव घालावा हे पक्के ठाऊक होते. तेलंगणाच्या सीमेवर शिंदीची झाडे छेदणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. त्यांचा छेद रोज ताजा करावा लागतो, नाहीतर झाड जखम बुजवते आणि रस थांबतो.

शेंडा खुडल्यावर फुटवे का येतात याचे उत्तर १९३० च्या दशकात मिळू लागले. केनेथ थिमान आणि फोक स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक लावले, तेव्हा खालचे डोळे फुटले नाहीत. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्सिन बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवते हे त्यावरून दिसले. शेंडा गेला की हा दाब जातो, आणि शेंड्याच्या वाढीवर खर्च होणारी साखरही कळ्यांकडे वळते. कळ्यांना निजवून ठेवणारे जनुक मग मंदावते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेला एनएचएच-४४, म्हणजे शेतकऱ्यांचा ‘नांदेड-४४’, याच गुणामुळे नावाजला. पहिली बोंडे आणि पाते किडीने किंवा पावसाच्या खंडाने गेले तरी हे वाण पुन्हा बहर धरते. पुनर्बहराची क्षमता म्हणून त्याची जाहिरात होई, आणि कोरडवाहू मराठवाड्यात तिचे मोल मोठे होते. झाडाने जखमेशी वागण्याचे दोन मार्ग असतात: शत्रूला अडवणे, किंवा नुकसान सोसून पुन्हा उभे राहणे. नांदेड-४४ हा दुसऱ्या मार्गाचा उत्तम नमुना आहे.

पहिल्या मार्गाचा शोध युरोपात बटाट्याच्या फोडींवर सुरू झाला. जर्मन भाषक वनस्पतिशास्त्रज्ञ गोटलीब हाबरलांट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात दाखवले, की कापलेला पृष्ठभाग धुऊन टाकला तर जखमेखालच्या पेशींचे विभाजन मंदावते, आणि चेचलेला गर परत लावला तर ते पुन्हा सुरू होते. दुखावलेल्या पेशीतून काहीतरी सुटते आणि शेजारच्या पेशींना कामाला लावते, असा त्याचा अर्थ होता. या पदार्थांना त्यांनी जखम-संप्रेरके म्हटले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस त्याच काळात वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद मोजत होते. विजेचा हा धागा त्यांच्यानंतर बराच काळ दुर्लक्षित राहिला. कॅलिफोर्नियात जेम्स बॉनर आणि जेम्स इंग्लिश यांनी १९३८-३९ मध्ये घेवड्याच्या शेंगांतून ट्रॉमॅटिक आम्ल वेगळे केले. शेंगेच्या आतल्या पापुद्र्यावर ते लावले की पेशी फुगत आणि वाढत. ज्या मेदाम्लापासून झाडे हा पदार्थ बनवतात, त्याच मेदाम्लापासून जखमेचा मुख्य निरोप्याही बनतो, हे कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

दुसरीकडे, कडधान्यांच्या बियांत दडलेल्या एका गुणाचा अभ्यास स्वतंत्रपणे चालू होता. कच्चे सोयाबीन खाऊन प्राणी वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी नोंदवले. १९४० च्या दशकाच्या मध्यावर मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. ते आतड्यातल्या ट्रिप्सिन या प्रथिनपाचक विकराला घट्ट चिकटते आणि त्याचे काम थांबवते. अशा प्रथिनांना रोधक प्रथिने म्हणता येईल. तुरीत आणि हरभऱ्यातही ती असतात. उष्णतेने त्यांची घडी मोडते, म्हणून वरण शिजवून खाल्ले जाते आणि म्हणूनच सोयाबीनची पेंड भाजूनच जनावरांपुढे येते. १९९० नंतर लातूरच्या रानात सोयाबीन पसरले, तेल आणि पेंडीचे कारखाने उभे राहिले, आणि कुनिट्झचे प्रथिन निष्प्रभ करणे हा जिल्ह्यातल्या उद्योगाचा रोजचा भाग झाला. बियांत ही प्रथिने कशासाठी असतात, हा प्रश्न मात्र कुनिट्झच्या काळात नीट विचारलाही गेला नव्हता.

तो प्रश्न १९७२ मध्ये सुटू लागला. मराठवाड्यात ते वर्ष दुष्काळाचे म्हणून लक्षात राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि हैदराबादजवळ पटानचेरू येथे तूर-हरभऱ्यावर काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात टी. आर. ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी बटाटा आणि टोमॅटोच्या पानांवर भुंगे सोडले. खाल्लेल्या पानातच नव्हे तर ज्या पानांना स्पर्शही झाला नव्हता त्यांतही रोधक प्रथिने साठू लागली. कीड पान खाते, झाड सर्वांगाने तिच्या पचनशक्तीवर उलटते, असा हा निष्कर्ष होता. बियांतली प्रथिने ही साठवणीतली शस्त्रे आणि पानांतली ही गरजेपुरती घडवलेली, हे चित्र त्यातून उभे राहिले. गरजेपुरतीच का, याचे कारणही महत्त्वाचे आहे. रोधक प्रथिन बनवायला नत्र लागते, आणि ज्या झाडाला ते वाढीसाठी, फुलासाठी, दाण्यासाठी हवे, त्याने ते कायम शस्त्रांत गुंतवणे परवडत नाही.

खाल्लेल्या पानाचा निरोप दुसऱ्या पानाला कोण पोहोचवतो, याचा माग रायन यांनी वीस वर्षे काढला. १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी दाखवले, की हवेतून येणाऱ्या मिथाइल जॅस्मोनेटनेही टोमॅटोची पाने रोधक प्रथिने बनवू लागतात. हा पदार्थ १९६२ मध्ये चमेलीच्या सुगंधी तेलातून वेगळा केला होता आणि तोवर अत्तरवाल्यांच्या कामाचा मानला जाई. पुढच्याच वर्षी त्या प्रयोगशाळेने सिस्टेमिन हे १८ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन शोधले. वनस्पतींत संप्रेरकाचे काम करणारे असे प्रथिन प्रथमच सापडले होते.

आज या साखळीचा आराखडा बऱ्यापैकी पूर्ण आहे. पान फाटले की फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर येते. शेजारच्या पेशींच्या पटलावरचे ग्लुटामेटग्राही त्याला ओळखतात आणि कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात. ही कॅल्शियमची लाट शिरांतून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने धावते. २०१३ मध्ये फार्मर यांच्या गटाने तिच्याबरोबरच्या विद्युत संकेतामागची जनुके दाखवली, आणि २०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांनी ती लाट उजळत्या रंगात पडद्यावर पकडली. बोस यांनी मोजलेल्या विजेला अशा रीतीने जनुकांचा आधार मिळाला. लाट पोहोचली की हरितलवकातले लिनोलेनिक आम्ल सुटते, लायपॉक्सिजिनेज आणि त्यानंतरचे विकर ते बदलत नेतात, आणि शेवटी जॅस्मोनिक आम्ल तयार होते. ते आयसोल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडले गेले की खरे कामाला लागते.

पुढचा टप्पा पेशीकेंद्रातला आहे. बचावाची जनुके चालू करणारे एमवायसी-२ हे प्रथिन तिथे आधीपासून हजर असते, पण जॅझ गटातली प्रथिने त्याला धरून ठेवतात. जॅस्मोनिक आम्लाचे जोडरूप आले की सीओआय-१ हे प्रथिन जॅझला पकडते आणि पेशीच्या विघटनयंत्रणेकडे पाठवते. जॅझ नष्ट झाले की एमवायसी-२ मोकळे होते आणि रोधक प्रथिनांची, लायपॉक्सिजिनेजची, इतर अनेक विकरांची जनुके वाचली जाऊ लागतात. १९९८ मध्ये सीओआय-१ आणि २००७ मध्ये जॅझ सापडल्यावर हा भाग स्पष्ट झाला. यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की एमवायसी-२ मोकळे होताच जी जनुके चालू करते, त्यांत जॅझचीही जनुके असतात. म्हणजे बचाव सुरू करणारा हातच तो थांबवण्याची तयारीही करून ठेवतो.

सिस्टेमिन मात्र टोमॅटोच्या कुळापुरते निघाले. शेंगावर्गीय पिकांना त्यांचे स्वतःचे निरोपे आहेत. सोयाबीनमध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेने २०१० मध्ये एका मोठ्या प्रथिनाच्या पोटात दडलेला १२ अमिनो आम्लांचा तुकडा दाखवला, जो सुटला की बचावाची जनुके जागी होतात. चवळीची कथा आणखी पुढची आहे. लष्करी अळी चवळीचे पान खाते, तेव्हा पानाच्याच हरितलवकातल्या एका प्रथिनाचा तिच्या पोटात तुकडा पडतो आणि लाळेबरोबर परत जखमेवर येतो. चवळी तो ओळखते. २००६ मध्ये हा तुकडा आणि २०२० मध्ये त्याला ओळखणारे ग्राही प्रथिन सापडले. त्यामुळे कोयत्याचा घाव आणि अळीचा चावा यांतला फरक झाडाला कळतो. २०१८ मध्ये भारतात उतरलेली आणि मराठवाड्यातल्या मक्यावर तुटून पडलेली अळी हीच.

आता मराठवाड्याच्या प्रयोगशाळेकडे वळायला हवे. १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ १९९४ पर्यंत नांदेड आणि लातूरचेही विद्यापीठ होते. त्या वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. औरंगाबादच्या जीवरसायनशास्त्र विभागात एम. एस. काचोळे आणि त्यांचे विद्यार्थी तुरीच्या रोधक प्रथिनांवर काम करत होते. अडचण साधीच होती. जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिने रंगवली की सगळीच दिसतात. त्यांतली रोधक कोणती, हे ओळखण्याच्या पद्धती खर्चिक आणि किचकट होत्या. काचोळे आणि एम. एम. पिचारे यांनी १९९४ मध्ये एक्स-रे फिल्मचा उपाय प्रसिद्ध केला. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. जेल ट्रिप्सिनमध्ये भिजवून फिल्मवर ठेवायचे. ट्रिप्सिन सगळीकडचे जिलेटिन खाऊन टाकते, पण जिथे रोधक प्रथिन असते तिथले शाबूत राहते. फिल्म पाण्याखाली धरली की त्या जागी पट्टे उरतात.

महागडी यंत्रे नसलेल्या विभागातून आलेली ही पद्धत पुढे देशातल्या अनेक प्रयोगशाळांनी उचलली. या विषयातले हे सर्वांत टिकाऊ मराठवाडी योगदान मानायला हरकत नाही. तिच्या जोरावर तुरीचे वेगवेगळे वाण आणि तिचे रानटी भाऊबंद शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. लागवडीतल्या तुरीच्या वाणांमध्ये रोधक प्रथिनांचे पट्टे जवळजवळ सारखेच निघाले. रानटी जातींत मात्र विविधता होती, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांतल्या काहींनी घाटेअळीच्या पाचक विकरांना लागवडीच्या तुरीपेक्षा अधिक चांगले रोखले. तूर ही याच द्वीपकल्पात माणसाने जोपासलेली. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीच्या उत्खननात तिचे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे मिळाले आहेत. इतक्या पिढ्या मोठा, चवदार, लवकर शिजणारा दाणा निवडला गेला. त्या निवडीत बचावाची विविधता मागे पडली असावी, हे मत या पुराव्याशी जुळते.

अळीही स्वस्थ बसलेली नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर आणि विद्या गुप्ता यांच्या गटाने, औरंगाबादहून आलेल्या अशोक गिरी यांच्यासह, १९९८ मध्ये हरभऱ्यावर एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष मांडला. घाटेअळीच्या आतड्यातले काही विकर हरभऱ्याच्या रोधक प्रथिनांनाच पचवून टाकतात. हजारो पिढ्या हरभऱ्यावर जगलेल्या अळीने त्याच्या शस्त्रांवर उतारा तयार करून ठेवला आहे. अळीच्या पोटात एकाऐवजी अनेक पाचक विकर असतात आणि एक अडले की दुसऱ्याचे जनुक चढे होते. म्हणून या गटाने अळीला अपरिचित झाडांकडे मोर्चा वळवला. चारधारी घेवडा, भुईमूग, बटाटा यांची प्रथिने आलटून पालटून दिल्यास अळीची वाढ खुंटते हे त्यांनी १९९९ मध्ये दाखवले. नंतर मिरचीतली रोधक प्रथिने तपासली, तेव्हा ती खाल्लेल्या अळ्या लहान राहिल्या आणि त्यांच्यापासून झालेल्या पतंगांनी अंडीही कमी घातली.

बियांवरचे हे काम पानाकडे वळले ते औरंगाबादलाच. पुरुषोत्तम लोमटे आणि वंदना हिवराळे यांनी तुरीच्या पानांना जखमा केल्या, काही रोपांना मिथाइल जॅस्मोनेट दिले, आणि पानांत काय वाढते ते मोजले. २०११ च्या शोधनिबंधात ल्युसिन अमिनोपेप्टिडेज या विकराची वाढलेली क्रिया नोंदवली आहे. टोमॅटोमध्ये हे विकर जखमेनंतरच्या उशिराच्या प्रतिसादात भाग घेते. २०१२ च्या निबंधात जखमेने आणि जॅस्मोनेटने वाढणारे रोधक प्रथिन पानांतून शुद्ध करून ते अळीच्या पाचक विकरांना रोखते हे दाखवले. रायन यांनी टोमॅटोत पाहिलेली गोष्ट चाळीस वर्षांनी मराठवाड्याच्या मुख्य डाळीत सिद्ध झाली. लातूरच्या डाळ मिलांत देशभरची तूर येते, त्या तुरीच्या पानात तीच यंत्रणा आहे.

दरम्यान शेतात वेगळीच दिशा धरली गेली होती. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्यातले जनुक जिवाणूचे आहे आणि ते जखमेची वाट पाहत नाही. झाडाच्या सर्व भागांत, पेरणीपासून वेचणीपर्यंत ते चालूच असते. हिरव्या बोंडअळीवर त्याचा मोठा परिणाम झाला. पण विष सतत समोर असले की त्याला न जुमानणाऱ्या अळ्यांची निवडही सतत होत राहते. शेंदरी बोंडअळीने हे दाखवून दिले. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यातल्या कापसाची तिने दैना केली. बीटीच्या लाटेत नांदेड-४४ मागे पडला, आणि पुढे महाबीजच्या साहाय्याने त्याचेही बीटी रूप काढावे लागले. जखम झाल्यावरच चालू होणाऱ्या जनुकचालकांचा वापर करून बचाव गरजेपुरता ठेवता येईल, ही सूचना संशोधनात जुनी आहे. भारतीय शेतकऱ्याच्या बियाण्यापर्यंत ती आलेली नाही, आणि ती यायला हवी होती.

तुरीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इक्रिसॅटच्या राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘आशा’ या वाणात ४८,६८० जनुके असल्याचा अंदाज दिला. हरभऱ्याचा आराखडा २०१३ मध्ये आला. त्यामुळे एका पानाला झालेल्या जखमेनंतर कोणती जनुके कधी चढतात हे एकेक करून शोधण्याऐवजी एकदम मोजता येते. लातूरच्या विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात आता या पद्धती अभ्यासक्रमाचा भाग आहेत. संकराचे कामही चालू आहे. कजानस स्काराबिऑइडिस ही रानटी जात लागवडीच्या तुरीशी सरळ जुळते, आणि तिच्या शेंगांवरच्या दाट केसांमुळे अळीला शेंग पोखरणे कठीण जाते. कजानस प्लॅटिकार्पस ही दुसरी जात सहज जुळत नाही. तिच्याशी संकर झाल्यावर गर्भ वाढत नाही, म्हणून तो कोवळा असतानाच काढून पोषक माध्यमात वाढवावा लागतो. इक्रिसॅटमध्ये नलिनी मल्लिकार्जुन यांनी या मार्गाने संकरित तूर मिळवली, आणि त्या वंशातल्या काही ओळींत शेंगा पोखरणाऱ्या अळीचे नुकसान कमी आढळले.